घरच्या कॅसेट संगणकावर उतरवताना: ऑडॅसिटीचा नेमका वापर

विकत आणलेल्या गाण्यांच्या कॅसेटची चिंता फारशी करू नये, त्यातलं बहुतेक दुसरीकडे मिळतं. घरी भरलेल्या कॅसेटचं तसं नाही. आजीच्या ओव्या, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, गुरुजींनी शिकवणीत सांगितलेली बंदिश, यांची दुसरी प्रत कुठेच नसते. त्या उतरवायला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मात्र फितीवरून आवाज नीट उचलला गेला नाही, तर पुढे कुठलाही इफेक्ट तो भरून काढत नाही. म्हणून निम्म्याहून जास्त वेळ ऑडॅसिटी उघडण्याआधीच्या कामात गेला तरी जाऊ द्या.

सगळ्यात आधी कॅसेटच्या मागच्या कडेला असलेले दोन्ही छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडा. ते मोडले की चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी वर दुसरं काही भरलं जात नाही. मग खिडकीतून फीत निरखून पाहा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. कोकणात किंवा दमट घरात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॅसेटवर ती हमखास धरते. अशी कॅसेट थेट लावू नका. फीत फाटण्याची भीती असतेच, शिवाय बुरशी हेडवर, म्हणजे फितीवरून आवाज उचलणाऱ्या भागावर, बसते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब वाजते. फीत स्वच्छ असेल तर आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. घट्ट चिकटून बसलेले वेढे सुटतात आणि आवाज हेलकावत नाही.

टेपरेकॉर्डरचं हेड आणि कॅप्स्टनचा धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडीवर तपकिरी डाग येईनासे होईपर्यंत पुसायचं. रबरी चाकाला ओलसर कापड पुरतं.

आता ज्या गोष्टीने सर्वात जास्त फरक पडतो आणि जी बहुतेकजण करत नाहीत, ती म्हणजे हेडचा कोन. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचं हेड आणि तुमच्या यंत्राचं हेड यांच्या कोनात केसभर फरक असला तरी वरचे सूर गायब होतात आणि आवाज दबका येतो. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला बारीक स्क्रू असतो. पुष्कळ यंत्रांत कॅसेट वाजत असताना पेचकस त्याच्यापर्यंत पोचेल असं छिद्रही ठेवलेलं असतं. स्क्रूची मूळ जागा खुणेने लक्षात ठेवा, टाळ-झांज किंवा ‘स’, ‘श’ ठळक असलेला भाग लावा आणि स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आतच, इकडेतिकडे फिरवा. टाळाची किणकिण जिथे सर्वात स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं करावं लागतं.

जोडणीत नेहमीची चूक होते ती लॅपटॉपच्या भोकाची. आजच्या लॅपटॉपला बहुधा हेडफोन आणि माइक यांचं एकच भोक असतं. त्यातली माइकची वाट एकाच चॅनेलची आणि फार संवेदनशील असते, त्यामुळे टेपचा आवाज त्यात फाटतो. लाइन-इन असलेलं साधं यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे टेपचा आवाज संगणकात नेणारी छोटी डबी, घ्या. डेकला, म्हणजे टेपरेकॉर्डरला, मागे लाल-पांढरे लाइन-आउट असतील तर तिथून वायर काढा. नसतील तर हेडफोनच्या भोकातून, आवाज निम्म्याच्या आसपास ठेवून. बेस बूस्ट बंद, इक्वलायझरच्या सगळ्या कळा मधोमध. डॉल्बीचं (टेपची खरखर दाबणाऱ्या सोयीचं) बटण असेल तर तेही बंद, कारण घरगुती टेपवर भरलेल्या कॅसेटमध्ये डॉल्बी बहुधा नसतंच आणि उगाच चालू ठेवलं तर वरचे सूर मरतात. इंटरफेस यूएसबी हबमधून न जोडता थेट संगणकाला जोडा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये मधेमधे बारीक तुकडे गळतात.

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन त्या इनपुटचे ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ बंद करा. त्यातलं गोंगाट दाबणं बोलण्यासाठी बनवलेलं असतं. ते तंबोऱ्याला गोंगाट समजून गिळतं. संगणक मधेच झोपी जाणार नाही हेही बघा.

ऑडॅसिटीत ‘ऑडिओ सेटअप’मधून रेकॉर्डिंगसाठी तुमचं इंटरफेस निवडा, चॅनेल २, सॅम्पल रेट ४४१०० हर्ट्झ. कॅसेट मोनो असली तरी दोन्ही चॅनेल घ्या, कारण पुढे दिसेल. कॅसेटमधला सर्वात मोठा आवाज शोधून वाजवा आणि मीटरवर त्याची उंची −१२ ते −६ डीबीच्या दरम्यान येईल असं ठेवा. यूएसबी इंटरफेससोबत ऑडॅसिटीची रेकॉर्डिंगचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी कधीकधी काम करत नाही. मग डेकच्या आवाजानेच जमवा. मीटर ० ला टेकला की लाटेचं टोक कापलं जातं आणि तो भाग कायमचा गेला. थोडं हळू भरलेलं मात्र नंतर बिनधास्त वाढवता येतं.

एक बाजू एका दमात भरा. सी-६० ची एक बाजू ३० मिनिटांची, सी-९० ची ४५. ऑडॅसिटीच्या मूळ ३२-बिट स्वरूपात स्टिरिओ मिनिटाला साधारण २१ एमबी घेतं, म्हणजे सी-६० पूर्ण भरायला सव्वा जीबीच्या वर जागा लागते. क्लाउडशी आपोआप जोडलेल्या फोल्डरमध्ये प्रोजेक्ट ठेवू नका. काम चालू असताना ती फाइल सतत बदलत असते आणि बिघडू शकते. बाजू संपली की काहीही न करता आधी वेव्ह किंवा फ्लॅक या, आवाज जसाच्या तसा ठेवणाऱ्या, स्वरूपात एक्सपोर्ट करा आणि नावात ‘मूळ’ लिहा. या फाइलला पुन्हा हात लावायचा नाही. प्रोजेक्ट फाइल ही ध्वनिफीत नव्हे, ती दुसऱ्या कशातच वाजत नाही.

सफाई आता सुरू होते. दोन्ही चॅनेल वेगवेगळे ऐका. मोनो कॅसेटमध्ये एक चॅनेल बहुधा जास्त स्वच्छ असतो. ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ करून दुसरा काढून टाका. दोन्ही मिसळू नका, कोनात थोडा जरी फरक राहिला असेल तर मिसळताना वरचे सूर एकमेकांना खातात.

घूं असा आवाज असेल तर तो विजेचा. आपल्याकडे तो ५० हर्ट्झवर आणि त्याच्या पटीत, १००, १५० वर येतो. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, पुष्कळदा तेवढ्याने जातो. मग ती बाजू पुन्हा भरा. कॅसेटमध्येच भरला गेला असेल तर ‘नॉच फिल्टर’ (नेमक्या एका आकड्यावरचाच आवाज काढणारा) या आकड्यांवर एकेकदा लावा. नुसतं बोलणं असेल तर ८० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर, चालतो, पण तबला असेल तर नको, डग्ग्याची घुमक जाते.

खरखरीसाठी ‘नॉइज रिडक्शन’. नमुना कुठून घ्यायचा यात सगळं आहे. सुरुवातीच्या पारदर्शक फितीवर खरखरच नसते आणि कोऱ्या टेपवर खोलीचा आवाज नसतो. रेकॉर्डिंगचं बटण दाबल्यानंतर आणि गायला सुरुवात होण्याआधी जे क्षणभर शांत असतं, तेवढंच निवडा. अर्धा सेकंद मिळाला तरी पुरे, पण त्यात श्वास किंवा तंबोऱ्याची तार नको. ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा, मग पूर्ण ट्रॅक निवडून इफेक्ट परत उघडा. रिडक्शन ६ डीबीवर ठेवा. लागू करण्याआधी ‘रेसिड्यू’ निवडून प्रिव्ह्यू ऐका: जे काढून टाकलं जाणार आहे ते यात वाजतं. त्यात गळ्याचा किंवा चिपळ्यांचा अंश ऐकू आला तर आकडा अजून कमी करा. जास्त लावलं की गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटतं. थोडी खरखर राहिलेली बरी. कान तिला दोन मिनिटांत विसरतो.

वेग तपासा. गायक काळी एकमध्ये गात असे हे नक्की माहीत असेल आणि पेटी पांढरी दोनच्या जवळ वाजत असेल, तर यंत्र जास्त वेगाने फिरतंय. सूर एका पट्टीने, म्हणजे काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून पेटीच्या लगतच्या एका पट्टीने, खाली आणायला वेग साधारण ५.६ टक्के कमी करावा लागतो. त्यासाठी वेग आणि सूर एकत्र बदलणारा इफेक्ट वापरा; नुसता सूर किंवा नुसती लय बदलणारा नको.

शेवटी ‘नॉर्मलाइझ’ (सगळा आवाज सारख्या प्रमाणात वाढवणारा इफेक्ट) −१ डीबीवर. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला कर्सर ठेवून कंट्रोल आणि बी दाबा, नाव लिहा. एक्सपोर्ट करताना लेबलनुसार तुकडे निवडले की प्रत्येक गाण्याची वेगळी फाइल होते. नावात गाणाऱ्याचं नाव, गाव आणि साल घाला, कारण कॅसेटवरचा कागद एक दिवस गळून पडतो. नातेवाइकांना पाठवायला १२८ केबीपीएसची एमपी३ पुरते, पण व्हॉट्सअॅपवर ती डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. मूळ फ्लॅक दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी असू द्या.