यंदा धुरा पेटवू नका

नागपूर जिल्ह्यातल्या रामटेक, पारशिवनी, उमरेड, भिवापूर भागासाठी, एप्रिल ते जुलै.

मोहफूल वेचायला झाडाखाली काडी, पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटली की धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला काडी. पारा पंचेचाळिशीला टेकलेला आणि वारा सुटलेला असताना ही आग धुऱ्यापुरती राहत नाही. पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या कचऱ्यात मोहाची, चारोळीची, टेंभुर्णीची रोपं उभी असतात.

पेटवण्याआधी एकदा वाकून बघा. काळी पडलेली काडी, तिच्या बुडातून निघालेली तांबूस फूट, आणि जमिनीलगत सुजलेल्या बोटाच्या पेरासारखी गाठ. म्हणजे हे रोप आधीही जळलंय आणि पुन्हा फुटलंय. मूळ तगडं, शेंडा मात्र गुडघ्याच्या वर जात नाही. त्याला सलग तीन-चार उन्हाळे आगीविना मिळाले तर ते उठतं, असा माझा अंदाज. गुरांपासून जपायला बोरीच्या काट्या पुरतात.

शेतातला मोह बहुधा कोणी लावलेला नसतो. रान मोडताना ज्या झाडाचं फूल जाड आणि गोड, ते आजोबा-पणजोबांनी राखलं, बाकीचं तोडलं. मोकळा उजेड आणि वखरणीचा ओलावा मिळून त्याचा घेर वाढला. त्याच्याच बियांतून पुढची रोपं आली, त्यातलीही चांगलीच राखली गेली. रानातलं झाड शेताचं झालं ते असं. आता जुनी झाडं तेवढी दिसतात, त्यांच्यामागे पोरं नाहीत. 1964 च्या वृक्षतोड कायद्यात मोह आहे, तोडायला परवानगी लागते. रोप जाळायला कोण विचारतो?

आगीऐवजी कृषी केंद्रवाला तणनाशकाची कॅन पुढे करेल. घेऊ नका. धुऱ्यावर मारलं की गवताबरोबर रोपही जातं. विळ्याने कापा. मोहाखाली झाडून जुनी लुगडी किंवा जाळी अंथरा, फूलही स्वच्छ मिळतं.

एप्रिल ते जुलैची कामं:
- मोहाचं बी जून-जुलैत झाडाखालून ताजंच घ्या. साठवलं तर उगवण झपाट्याने जाते, पुढच्या वर्षावर टाकू नका.
- ट्रायकोडर्मा (रोगाला आवर घालणारी उपयोगी बुरशी) 5 ग्रॅम प्रति किलो बियाण्याला चोळा, पिशवीत 2-3 सेंमी खोल लावा.
- चारोळीची फळं काळी पडू द्या. कच्ची तोडली तर बी पोचट निघतं. फांदी तोडून फळं काढू नका.
- बांडगूळ दिसलं की फांदीसकट कापा.
- होरपळलेल्या खोडाला बोर्डो पेस्ट: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर.

बी कुठल्या झाडाचं, याला महत्त्व आहे. गावातल्या वेचणाऱ्या बायांना विचारा, गोड मोह कुठला ते त्या झाडासकट दाखवतील. वटवाघळांनी चोखून टाकलेलं बी लवकर उगवतं असं मला वाटतं. ही शिफारस नाही. मोहात परपरागीभवन होतं, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागाने फळ धरतं, त्यामुळे बियांचं झाड आईसारखं निघेलच असं नाही, आणि फुलायला आठ-दहा वर्षं घेतं. हमखास तोच मोह हवा तर त्याच झाडाची काडी आणून धुऱ्यावरच्या रोपावर मृदुकाष्ठ कलम करा, म्हणजे रोपाच्या कोवळ्या फुटीवर ती काडी जोडून बांधा. गुजरातेतल्या गोध्र्याजवळच्या वेजलपूरच्या सरकारी फळबाग संशोधन केंद्राने मोहाचा ‘थार मधु’ आणि चारोळीचा ‘थार प्रिया’ हे वाण काढलेत. पण रोपवाटिकेत ‘कलमी मोह’ म्हणून चढ्या भावाने काही देत असेल, तर आधी कलमाचा जोड बघा. जोड दिसला नाही तर ते बियांचंच रोप आहे, आणि तसलं तुमच्या धुऱ्यावर फुकट उभं आहे.