चिखलातले जिवाणू सर्किटमध्ये कसे जोडावेत

लिंबात जस्ताचा आणि तांब्याचा तुकडा खोचून वीज काढण्याचा प्रयोग शाळेत अनेकांनी केलेला असतो. त्यात वीज लिंबू देत नाही; जस्त झिजतं, त्यातून ती येते. खरोखर जिवंत घटक हवा असेल तर तळ्याच्या किंवा भातखाचराच्या तळाचा काळा, उग्र वासाचा चिखल आणा. हातमोजे मात्र घाला.

अशा चिखलात जिओबॅक्टरसारखे जिवाणू राहतात. ऑक्सिजन पोचत नाही तिथे ते अन्न पचवतात आणि त्यातले इलेक्ट्रॉन पेशीबाहेर, मातीतल्या लोहाच्या संयुगांना देतात. आपण त्यांच्यापुढे कार्बन ठेवायचा, म्हणजे ते इलेक्ट्रॉन कार्बनला देतात आणि ते तारेतून वरच्या, हवेला लागलेल्या कार्बनकडे वाहतात. हीच वीज.

रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी घ्या. कार्बन फेल्टचे (कार्बनच्या धाग्यांच्या नमद्यासारख्या जाड कापडाचे) दोन सारखे तुकडे कापून प्रत्येकात स्टेनलेस स्टीलची तार ओवा. तांब्याची तार चिखलात घालू नका: तांबं जिवाणूंना मारक असतं आणि स्वतः झिजून खोटा व्होल्टेज दाखवतं. दोन्हीकडे एकच कार्बन, एकच तार, म्हणजे लिंबासारखा प्रकार होणार नाही.

खडे-काड्या काढलेल्या चिखलाचा थर बरणीत घाला, एक तुकडा त्यावर सपाट ठेवा आणि वर चार बोटं चिखल दाबून भरा. हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. खालून येणारी तार पातळ प्लास्टिकच्या नळीतून वर काढा. उघडी राहिली तर इलेक्ट्रॉन वाटेतच पाण्यातल्या ऑक्सिजनकडे जातात. वर थोडं पाणी घालून दुसरा तुकडा असा ठेवा की खालची बाजू पाण्यात आणि वरची हवेत राहील. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो.

दोन्ही तारांमध्ये १००० ओहमचा रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) जोडा आणि तो काढू नका. इलेक्ट्रॉन वाहत राहिले तरच कार्बनवर जिवाणूंचा थर वाढतो. मल्टीमीटरची (व्होल्टेज मोजणाऱ्या यंत्राची) लाल तार वरच्या टोकाला, काळी खालच्या. आकडा रोज लिहून ठेवा. पहिले काही दिवस तो नगण्य असतो, मग चढू लागतो. इथे धीर सोडू नका. रेझिस्टरवर ०.३ व्होल्ट मिळाले तर प्रवाह ०.३ मिलिअँपिअर आणि शक्ती ९० मायक्रोवॅट.

तुलनेसाठी दुसरी बरणी कृपया टाळू नका. तोच चिखल स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या कुकरमध्ये चांगला शिजवा, गार करा आणि तशीच जोडणी करा. नुसत्या उकळीने काही जिवाणूंचे बीजाणू (त्यांची उष्णता सोसणारी सुप्त रूपं) वाचतात, म्हणून कुकर. चिखलातल्या सल्फाइडमुळेही (गंधकाच्या संयुगामुळे) थोडा व्होल्टेज दिसू शकतो. दोन बरण्यांतला फरक हीच जिवाणूंची खरी कमाई, आणि माझ्या मते या प्रयोगातला सर्वांत मोलाचा आकडा.

लाल एलईडीला साधारण १.८ व्होल्ट लागतात, एका बरणीतून तेवढे येत नाहीत. एकाच चिखलात कार्बनच्या तुकड्यांच्या जोड्या वाढवून उपयोग नाही, स्वतंत्र बरण्या हव्यात. पण बरण्या मालिकेत, म्हणजे एकीमागे एक जोडल्यावर अशक्त बरणीचा व्होल्टेज उलटाही होतो. त्यापेक्षा अगदी कमी व्होल्टेजवर चालणारा बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) आणि कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) लावा. एलईडी थांबून थांबून लुकलुकेल. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळातून सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लव्हली यांनी १९८७ साली जिओबॅक्टर वेगळा केला. पुढे त्याच नदीत अशा गाळविजेवर हवामान नोंदवणारा तरंगता बोया चालवून दाखवला गेला, ते काम २००८ साली प्रसिद्ध झालं.

आटलेलं पाणी भरत राहा. आकडा उतरू लागला तर चमचाभर भाताची पेज घाला, जास्त नको. आंबून बुडबुडे सुटतात आणि खालचा तुकडा उचलला जातो.