दिवाळीला क्रोशाची भेट देताय? या चुका टाळा

नवरात्र उलटलं की "दिवाळीत सगळ्यांना स्वतः विणलेलं काहीतरी द्यायचंय, पटकन शिकवाल का?" असं विचारत मुली आणि बायका माझ्याकडे यायला लागतात. त्यांची हौस मला मनापासून आवडते. क्रोशासारखी दिसणारी मशीनची लेस बाजारात ढिगाने मिळते, पण खरा क्रोशा आजही हातातली सुईच विणते, म्हणून ही भेट मोलाची. पण दरवर्षी त्याच चुका बघून जीव हळहळतो. बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. विणताना डोळ्यांसमोर फक्त भेट हातात ठेवण्याचा क्षण असतो. जिला ती मिळणार ती पुढे वर्षभर ती वापरणार, धुणार, उन्हात टाकणार, याचा विचारच होत नाही.

गरम भांड्याखाली अ‍ॅक्रिलिक लोकर

यावर मी सगळ्यात जास्त बोलते आणि बोलत राहणार. अ‍ॅक्रिलिकची लोकर स्वस्त असते, रंग झळझळीत असतात, जाडसर असल्यामुळे काम भराभर पुढे सरकतं. म्हणून नवशिक्या तीच उचलतात आणि तिचीच गरम भांड्याखाली ठेवायची चकती करतात. शिवाय कढई धरायचं फडकं, पणतीखालची रांगोळीसारखी गोल नक्षी आणि टी-लाइटभोवतीची पाकळ्यांची फुलंही. अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा धागा. उष्णता लागली की तो वितळतो आणि ज्याला लागेल त्याला चिकटतो.

माझ्याकडे शिकलेल्या कोथरूडच्या एका मुलीने नणंदेला अशा सहा चकत्यांचा संच दिला होता. केशरी-पिवळ्या, झेंडूच्या फुलांसारख्या, दिसायला अगदी गोड. पाडव्याला पुऱ्या तळून झाल्यावर नणंदेने कढई त्यातल्याच एका चकतीवर उतरवली. लोकर वितळून कढईच्या बुडाला आणि ओट्याला एकदमच चिकटली. घाईत तिने ती हाताने ओढली आणि वितळलेला धागा बोटांना चिकटला. ऐन सणात हात पाण्याखाली धरून बसायची वेळ आली. नणंद समजूतदार, एका शब्दाने बोलली नाही. पण ती मुलगी उरलेल्या पाच चकत्या माझ्याकडे घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. मला राग आला तो तिचा नाही. "कुठलीही लोकर घ्या आणि अर्ध्या तासात चकती तयार" असं सांगणाऱ्या व्हिडिओंचा आला.

स्वयंपाकघरातल्या कुठल्याही वस्तूला शुद्ध सुती दोराच हवा. सुती असला तरी एकेरी चकती पुरत नाही, कारण क्रोशाच्या जाळीतून आच आरपार जाते. मी दोन चकत्या विणते आणि कडेने मुक्या खांबांनी, म्हणजे क्रोशाच्या बुटक्या टाक्यांनी, एकत्र जोडते. दुकानदार सुती म्हणाला तरी घरी तपासते. दोऱ्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरायचा, खाली स्टीलची ताटली ठेवायची आणि टोक पेटवायचं. सुती दोरा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राख उरते. अ‍ॅक्रिलिक आक्रसतं, वितळतं आणि काळा कडक मणी उरतो. मिश्र धाग्यातही असा कडक गोळा लागला तर तो स्वयंपाकघरात नको.

आणि ज्योतीजवळ दोऱ्याचं काहीच नको, सुतीसुद्धा. पणतीतलं तेल झिरपून नक्षीत मुरतं, मग ती एक मोठी वातच होते. दिवाळीसाठी विणायचं तर तोरण विणा. ते दारावर लागतं, पणत्यांपासून लांब.

न मोजता विणलेला गोल

ताटावर झाकायचा रुमाल प्रत्येकीला करायचा असतो आणि दहातल्या आठजणींचा तो सपाट होत नाही. एक तर मधे खोलगट होतो, नाहीतर कडेला झालरीसारखा लहरतो. लगेच "इस्त्री मारली की बसेल" हे वाक्य येतं. नाही बसत.

यात हिशेब आहे आणि तो सोपा आहे. मुक्या खांबांचा, म्हणजे यूट्यूबवर अमेरिकन बायका सिंगल क्रोशे म्हणतात त्याचा गोल 6 टाक्यांनी सुरू करायचा आणि प्रत्येक फेरीला 6 टाके वाढवायचे: 6, 12, 18, 24. अर्ध्या खांबांचा असेल तर 8 ने, पूर्ण खांबांचा असेल तर 12 ने. खांब जितका उंच तितका फेरीचा घेर मोठा होतो, म्हणून जास्त टाके लागतात. कमी वाढवले की वाटी होणार, जास्त वाढवले की झालर. हात घट्ट किंवा सैल असेल तर एखाद्या टाक्याचा फरक करावा लागतो, पण सुरुवात याच आकड्यांनी करा.

प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात मी सेफ्टी पिन अडकवते आणि फेरी संपली की टाके मोजते. दर फेरीला, बोलत असले तरी बोलणं थांबवून. नव्या मुलींना हे कंटाळवाणं वाटतं. चुकलेल्या दहा फेऱ्या उसवण्यापेक्षा हा कंटाळा परवडतो. चूक दिसली तर त्याच फेरीत उसवा. पुढच्या फेरीत दोन टाके वाढवून सांभाळून घेऊ म्हणाल तर डोळ्यांना ती जागा कायम खटकत राहील. सरळ पट्टी विणताना कडा आत आत येत जाते, त्याचं कारणही हेच: ओळीचा शेवटचा टाका सुटलेला असतो. पट्टीची खालची कड आवळल्यासारखी वाटत असेल तर मात्र सुरुवातीची साखळी घट्ट झालेली असते. ती अर्धा मिलिमीटर मोठ्या सुईने घाला आणि पुढे नेहमीची सुई घ्या.

गोल बरोबर विणला असेल तर शेवटी साबुदाण्याची पातळ खळ लावून, जाड सतरंजीवर पिनांनी ताणून सावलीत वाळवला की तो दुकानातल्यापेक्षा देखणा दिसतो. खळ नक्षी उठावदार करते. चुकलेला हिशेब तिला दुरुस्त करता येत नाही.

यूट्यूबवरून शिकणाऱ्यांसाठी आणखी एक. अमेरिकन नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे आपला पूर्ण खांब, पण इंग्लंडच्या नमुन्यात डबल क्रोशे म्हणजे मुका खांब. त्यामुळे नमुना कुठला आहे हे विणायच्या आधी बघा. नाहीतर वस्तू भलत्याच मापाची होते.

लाल रंग पांढऱ्यावर उतरतो

लाल-पांढरं तोरण, लाल काठाचा रुमाल, पांढऱ्यावर लाल गुलाब. दिवाळीत लाल हवाच. पण सुट्या लडीतला गडद लाल, मरून किंवा निळा दोरा न तपासता वापरू नका. एकीने सासूबाईंसाठी महिनाभर खपून टेबलावरची लांब पट्टी विणली. दिवाळीनंतर चहाचा डाग पडला म्हणून सासूबाईंनी ती साबणाच्या पाण्यात घातली आणि सगळा पांढरा भाग गुलाबी झाला. त्या बिचाऱ्या आपल्याच हातून बिघडली म्हणून सुनेची माफी मागत होत्या. चूक त्यांची नव्हती.

दोऱ्याचं टोक गरम पाण्यात भिजवायचं आणि ओलंच पांढऱ्या सुती कापडात दाबून ठेवायचं. कापडाला रंग लागला तर तो दोरा पांढऱ्याबरोबर वापरायचा नाही. मीठ घाला, व्हिनेगर घाला, असे उपाय सगळ्यांना पाठ असतात, पण कच्च्या रंगाचा तयार सुती दोरा त्याने पक्का होत नाही. विणून झालेली प्रत्येक वस्तू मी द्यायच्या आधी एकदा धुतेच. जे बिघडायचं ते माझ्या घरात बिघडू दे.

दोरा घेताना

लेबलवर रंगाच्या क्रमांकाजवळ लॉट क्रमांक असतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या आणि एक जास्तीचा घ्या. तोच रंग दुसऱ्या लॉटमध्ये किंचित वेगळा येतो आणि ते दिवसाच्या उजेडात कळतं.

सुती दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. पहिल्याच कामाला 40 नंबर घेऊन बसू नका. 10 नंबर आणि दीड मिलिमीटरच्या आसपासची सुई पुरे.

तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत दोरा घ्यायला धनत्रयोदशीच्या तोंडावर जाऊ नका. त्या गर्दीत लेबल वाचायलाही उभं राहता येत नाही. मी पितृपक्षात जाते. लोक खरेदी टाळतात, दुकानदाराला वेळ असतो, लडी उजेडात नेऊन बघता येते. सर्वपित्री अमावास्येपासून लक्ष्मीपूजनापर्यंत पुढचा अख्खा आश्विन हाताशी राहतो.

बाळासाठी विणताना

टोपीसाठी आधी डोक्याचं माप विचारा. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 से.मी. असतो आणि टोपी त्याहून थोडी कमी विणावी, कारण क्रोशा ताणतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या बाहुलीला मणी, बटणं किंवा प्लास्टिकचे डोळे लावू नका, डोळे दोऱ्याने भरतकाम करून काढा. पायमोज्याच्या आत सुटा दोरा राहू देऊ नका. तो बाळाच्या बोटाभोवती आवळला जातो आणि बाळ का रडतंय हे कोणाला कळत नाही. मी मोजा उलटा करून आतून बोट फिरवून बघते. टोचणारी लोकर नकोच. पुण्याच्या थंडीत सुती पुष्कळ होतं.

बाकीच्या

दोरा टाक्याला चिकटून कापू नका. 15 से.मी. शेपूट ठेवा, जाड सुईत ओवून एकदा इकडे, एकदा तिकडे, पुन्हा इकडे असं आत फिरवा. नुसती गाठ धुण्यात सुटते.

अंगात घालायचं काही असेल तर 10 से.मी. चौरसाचा तुकडा आधी विणा, धुवा आणि मग त्यातले टाके मोजा.

चकलीच्या पिठाचे, हळदीचे हात पांढऱ्या दोऱ्याला लावू नका. फराळाच्या दिवसांत मी विणकाम कपाटात ठेवते.

अ‍ॅक्रिलिकच्या शालीवर गरम इस्त्री फिरवू नका. ती एकदा लुळी पडली की पुन्हा उभारी धरत नाही.

विणलेला स्वेटर दोरीवर टांगू नका, आडवा पसरून वाळवा. हे भेट घेणारीलाही कळायला हवं. म्हणून छोट्या चिठ्ठीवर दोरा कोणता आणि धुवायचं कसं हे लिहा, आणि सोबत त्याच दोऱ्याची लहानशी गुंडी द्या. कुठे टाका तुटला तर तिला दुरुस्त करता येईल.

नरकचतुर्दशीपर्यंत काम अर्धंच असेल तर रात्रभर जागून सैल टाक्यांनी उरकू नका. भाऊबीजेला भावाला सांगा की मफलर तुळशीच्या लग्नापर्यंत मिळेल. तो थांबेल. बटवे, पाऊच, छोटे रुमाल अशा वस्तू संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटता येतात, त्यांना तर जानेवारीपर्यंत मुदत आहे.