कॉम्प्युटरवरचे, नेटवरचे व्हिडिओ फोनवर एकाच अ‍ॅपमध्ये कसे पाहावेत

आमच्याकडे आईबाबांच्या लग्नाची जुनी कॅसेट डिजिटल करून आणली आणि ती फाइल कॉम्प्युटरवर जाऊन बसली, ती बसलीच. बघायची तर खुर्चीत बसा, आणि गुडघ्यांमुळे आईला तिथे दहा मिनिटांच्या वर बसवत नाही. फोनमध्ये कॉपी करावी तर जागा नाही. शेवटी फाइल होती तिथेच ठेवून ती फोनवर चालवली, व्हीएलसी वापरून.

नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चिन्ह असलेलं हे अ‍ॅप अनेकांच्या फोनमध्ये असतं, पण फोनमधलीच फाइल लावण्यापुरतं. १९९६ साली फ्रान्समधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते उभं राहिलं. आज व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था ते सांभाळते. जाहिरात नाही, खातं उघडायचं नाही. प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्या.

आधी कॉम्प्युटरची तयारी. विंडोजमध्ये व्हिडिओंच्या फोल्डरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, शेअरिंगमध्ये जाऊन शेअर दाबा. वाय-फायच्या सेटिंगमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. फोनही त्याच वाय-फायवर हवा; राउटरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं ‘गेस्ट’ नेटवर्क असेल, तर त्यावरून सहसा कॉम्प्युटर दिसत नाही.

आता फोनवर व्हीएलसी उघडा. अँड्रॉइडमध्ये खाली ‘ब्राउझ’ आहे, त्यात ‘लोकल नेटवर्क’खाली कॉम्प्युटरचं नाव दिसायला हवं. आयफोनमध्ये ‘नेटवर्क’ टॅब बघा; लोकल नेटवर्कची परवानगी मागितली तर द्या, नाहीतर यादी रिकामीच राहील. नाव दाबलं की युजरनेम आणि पासवर्ड विचारतात. मी इथे अर्धा तास घालवला होता, कारण रोज कॉम्प्युटर उघडताना टाकतो तो चार आकडी पिन मी देत होतो. पिन इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर त्याचा ईमेल आणि त्याचाच पासवर्ड. एकदा आत गेलात की फोल्डरसमोरच्या तीन टिंबांतून तो फेवरिट्समध्ये टाका, म्हणजे पुन्हा शोधाशोध नको. कॉम्प्युटर झोपला तर फोल्डर गायब होतो, म्हणून पाहताना त्याचा स्लीप बंद ठेवा.

इंटरनेटवरचे व्हिडिओही इथेच लागतात. अँड्रॉइडमध्ये ‘मोअर’मधल्या ‘न्यू स्ट्रीम’मध्ये लिंक चिकटवा. पण ती थेट व्हिडिओच्या फाइलची हवी, ज्या पानावर व्हिडिओ आहे त्या पानाची नव्हे. इंटरनेट आर्काइव्ह या फुकट डिजिटल संग्रहाच्या साइटवर जुने सिनेमे आहेत; तिथे डाउनलोडच्या यादीतल्या एमपी४ वर बोट दाबून धरा, लिंक कॉपी करा आणि इथे चिकटवा. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे बरेच जुने भारतीय चित्रपट आता सर्वांसाठी खुले झाले आहेत. घराच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याची आरटीएसपी लिंक (कॅमेऱ्याचं थेट चित्रण दाखवणारा पत्ता) असेल तर तीही इथे लागते.

मात्र ‘सगळे नवे सिनेमे फुकट’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एपीके फाइली (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवायच्या फाइली) कृपा करून बसवू नका. अशी अ‍ॅप्स एसएमएस वाचण्याची किंवा ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचण्याची, परवानगी मागतात. ती दिलीत की बँकेचा ओटीपी दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. व्हिडिओ दाखवायला या दोन्हींची काहीच गरज नसते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये असं काही शिरलंय का, तेवढं आजच बघा.

राहिली सबटायटल्स. मराठी अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसली तर सेटिंगमध्ये सबटायटल्सचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करून पाहा. आवाज मागे-पुढे वाटला तर चालू व्हिडिओच्या मेनूत ‘ऑडिओ डिले’ आहे. थोडा थोडा सरकवत ओठांशी जुळवा. आमच्या कॅसेटचा आवाज जवळजवळ अर्धा सेकंद मागे होता. तो जुळवल्यावर मंगलाष्टकांत आईला तिच्या मामांचा आवाज ओळखू आला.