प्रबोधनकाळातील व्यक्तिपदक कसे पाहावे

इटलीतील फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात चित्रकार बॉटिचेल्लीने १४७५ च्या सुमारास रंगवलेले एका तरुणाचे चित्र आहे. त्याने दोन्ही हातांनी छातीशी एक पदक धरले आहे आणि त्यावर फ्लॉरेन्सवर प्रभाव असलेले सावकार कोसिमो दे मेदिची यांचा चेहरा आहे. ते पदक रंगवलेले नसून उठावात घडवून, सोन्याचा मुलामा देऊन चित्राच्या फळीत बसवलेले आहे. व्यक्तिपदक, म्हणजे एका बाजूला व्यक्तीचा चेहरा आणि बहुधा मागे चिन्हचित्र असलेले धातूचे पदक, पाहायला सुरुवात करताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे, कारण ही वस्तू मुळात हातात धरण्यासाठी आहे. काचेआड मांडलेले पदकही आपल्या तळहातावर आहे असे समजूनच पाहावे.

आधी चेहरा पाहावा. तो बहुधा बाजूने दिसतो, कारण घडवणाऱ्यांसमोर आणि संग्राहकांसमोर रोमन सम्राटांच्या नाण्यांचा आदर्श होता. चर्चच्या परिषदेसाठी इटलीत आलेला बायझंटाइन सम्राट आठवा जॉन याचे पदक इटालियन चित्रकार पिसानेल्लोने १४३८-३९ च्या सुमारास केले. सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाचे हे पदक या परंपरेचा आरंभ मानले जाते. त्यानंतर कडेने फिरणारा लेख वाचावा. लॅटिन येत नसले तरी व्यक्तीचे नाव आणि पद बहुतेक वेळा ओळखता येते.

खरी गंमत मागच्या बाजूला आहे आणि तेथे सावकाश थांबावे. पिसानेल्लोने १४४७ मध्ये केलेले चेचिलिया गोन्झागाचे पदक घ्या. पुढच्या बाजूला दरबारी वेषातली, केस वर बांधलेली तरुणी दिसते. पण इटलीतील मांतुआ संस्थानाच्या या राजकन्येने लग्न नाकारले होते आणि पदक घडले तेव्हा ती मठात जोगीण झालेली होती. मागे खडकाळ जागी एक अर्धवस्त्रा कुमारी बसली असून लांब केसांचा, बोकडासारखा एकशिंगी प्राणी तिच्याजवळ शांत पडून आहे आणि वर चंद्रकोर आहे. हा प्राणी केवळ कुमारिकेलाच वश होतो अशी समजूत होती, तर चंद्रकोर ही कौमार्य जपणाऱ्या डायना देवीची खूण होती. म्हणजे जे पुढच्या चेहऱ्यावर दिसत नाही, ते तिचे व्रत मागे सांगितले आहे. जवळच्या दगडावर ‘चित्रकार पिसानोची (म्हणजे पिसानेल्लोची) कृती’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे आणि वर्ष कोरलेले आहे. माझ्या मते ओतीव धातूत इतके हळुवार काम क्वचितच सापडते.

पुढे घडण तपासावी. सुरुवातीची बहुतेक पदके ठशाने ठोकलेली नसून ओतीव आहेत: मेणात नमुना करायचा, त्यावरून साचा घ्यायचा आणि त्यात ब्राँझ किंवा शिसे ओतायचे. तयार पदकावरून पुन्हा साचा घेतला, तर थंड होताना धातू आकसल्यामुळे नवी प्रत किंचित लहान होते आणि बारकावे बोथट होतात. म्हणून पदक विकत घेण्याचा विचार असेल, तर व्यास मिलिमीटरमध्ये मोजून मोठ्या संग्रहालयाच्या सूचीतील मापाशी ताडावा आणि केसांच्या बटा व अक्षरांच्या कडा भिंगाखाली पाहाव्यात. भोक दिसले तर लगेच नाराज होऊ नये; अनेक पदके टांगण्यासाठी अशी भोके पाडली गेली आहेत.

शेवटी ही वस्तू कशाच्या शेजारी ठेवली जात असे, याचाही विचार करावा. कोसिमो यांचे नातू लोरेन्झो दे मेदिची यांच्या संग्रहातील कोरीव रत्नांवर त्यांचे नाव संक्षेपाने खोदलेले आढळते. मांतुआत तिथल्या शासकाच्या पत्नी इझाबेला देस्ते यांच्या खासगी दालनांत पुरातन मूर्ती, कोरीव रत्ने आणि नाणी एकत्र मांडलेली असत. शिल्पकार जान क्रिस्तोफोरो रोमानो याने घडवलेल्या त्यांच्या स्वतःच्या पदकाची सोन्याची प्रत आज व्हिएन्नात आहे. तिच्या चौकटीत इझाबेला हे नाव हिऱ्यांनी जडवलेल्या अक्षरांत आहे. ब्राँझच्या प्रती भेट म्हणून देण्यासाठी असत, आणि ही एक मात्र त्यांनी स्वतःसाठी ठेवली.