काळ्या जमिनीवर टर्फ टाकताना

जळगाव-धुळ्याच्या काळ्या मातीत टर्फ (खेळाच्या कोर्टावर अंथरायचं कृत्रिम गवत) बिघडतो तो बहुधा खालून. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं कोर्ट लाटांसारखं उठतं. म्हणून निदान दीड फूट माती काढा (काळा थर खोल असेल तर आणखी), तळाशी जिओटेक्सटाइल (पाणी झिरपू देणारं, पण माती आणि मुरूम मिसळू न देणारं कापड) अंथरा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून रोलरने दाबा; एकदम भरलेला मुरूम पहिल्याच पावसात बसतो. वर चार इंच खडी, शेवटी इंचभर कच (दगडाचा बारीक चुरा). दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतार द्या, घराच्या उलट दिशेला.

टर्फचे रोल आधी काही तास उलगडून ठेवा. सगळ्यांचे तंतू एकाच दिशेला हवेत, नाहीतर पट्टे वेगळ्या रंगाचे दिसतात. सांधे सकाळीच चिकटवा: मे महिन्याच्या दुपारी टर्फ ताणलेला असतो, गोंदावर लगेच साय धरते आणि रात्री आकसताना सांधा उघडतो.

तंतूंच्या मध्ये भरायला धुतलेली, कोरडी सिलिका वाळूच घ्या. गिरणा नदीची वाळू स्वस्त पडेल, पण तिच्यातला गाळ निचरा बंद करतो. उन्हाळ्यात दुपारी टर्फ तापतो, तेव्हा खेळ नकोच. पाणी मारून येणारा गारवा थोडाच वेळ टिकतो.