दारूचं दुकान: आधी टेप, मग करारनामा

माझ्याकडे परवान्याचे कागद करून घ्यायला येणारा माणूस बहुतेक वेळा गाळा घेऊनच आलेला असतो. अनामत भरलेली, फळ्याही ठोकून झालेल्या. मी आधी टेप घेऊन त्या गाळ्यावर जातो. सीलबंद दारूच्या किरकोळ विक्रीचा परवाना माणसाइतकाच जागेलाही चिकटलेला असतो. जागा नियमात बसली नाही, तर बाकीची फाइल रद्दी.

शाळा, प्रार्थनास्थळ वगैरेंपासून किती अंतर हवं ते नियमात असतं. ते कुठून कुठवर मोजायचं हे मात्र लोक वाचत नाहीत. दारापासून दारापर्यंत चालत, की कुंपणापासून सरळ रेषेत? एका गाळ्याचं अंतर मी चालत मोजलं, आरामात भरलं. नियम सरळ रेषेचा होता, आणि मागच्या भिंतीपलीकडे बालवाडी. पुढच्या रस्त्यावरून ती दिसतच नव्हती. चूक माझीच. तेव्हापासून इमारतीला पुरती चक्कर मारल्याशिवाय अर्जाला हात लावत नाही.

करार करायचाच असेल तर एक ओळ घाला: परवाना नामंजूर झाल्यास करार रद्द, अनामत परत. घरमालक कुरकुरतो. कुरकुरू दे.

मग परवान्याचा प्रकार. नुसती बिअर-वाइन की सगळंच, बाटली घरी न्यायची की तिथंच प्यायची, यावर अर्ज बदलतो. काही ठिकाणी परवान्यांची संख्याच बांधलेली असते, तिथे चालू परवाना आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. अशा वेळी आधीच्या मालकाची थकबाकी आणि त्याच्यावर झालेल्या कारवाया तपासा.

ओळखीचे कागद, जागेचे कागद, पैसा कुठून आला त्याचा हिशेब, हे सगळे गोळा करतातच. अडतं ते नकाशात. तपासणीला आलेला माणूस नकाशा हातात धरून फिरतो. मागचं दार कागदावर नसेल तर तिथेच थांबतो. भागीदारावर जुना खटला असेल तर सांगून टाका. लपवलेलं सापडलं की खटल्यापेक्षा तेच महागात पडतं.

जाहीर नोटीस लावायची असेल तर शटरवर चिकटवा आणि मुदत संपेपर्यंत रोज तारखेसकट फोटो काढा. पावसात एक वाहून गेली होती, फोटोंनी वाचवलं. हरकत आली तर सुनावणीत तडकू नका. शेजारच्या काकूंना बऱ्याचदा दारूचं काही नसतं, गिऱ्हाइकांच्या गाड्या त्यांच्या दारात लागतील एवढंच असतं. गाड्या कुठे लावणार, ते कागदावर काढून न्या.

परवाना हातात पडेपर्यंत गाळ्यात माल नको, सजावटीची रिकामी बाटलीसुद्धा मी ठेवू देत नाही. नंतर माल परवानाधारक ठोक विक्रेत्याकडूनच, आणि साठ्याची नोंद त्याच दिवशी. नूतनीकरणाची तारीख मी शटरच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून येतो, रात्री बंद करताना दिसेल अशी.